भीतीला वेळ नेमून द्या : साथीच्या काळात मन सांभाळण्याची रीत

कोविड झाल्याच्या तिसऱ्या रात्री मी ऑक्सिमीटर बोटाला लावून बसलो होतो. ९७. पाच मिनिटांनी पुन्हा लावला, ९६. एकच अंक उतरला, पण छातीत धस्स झालं. मग दुसरं बोट, मग दुसरा हात. कुठेतरी ९४ दिसलं आणि हातपाय गार पडले. बोट गार असलं की ते यंत्र चुकीचा, बऱ्याचदा कमीच आकडा दाखवू शकतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! पहाटेपर्यंत तीसेक वेळा मोजून झालं. उजाडलं तेव्हा ताप उतरला होता, आकडा ९७ वरच होता, आणि आजारापेक्षा त्या मोजमापानेच मी पिळून निघालो होतो.

सकाळी डॉक्टर फोनवर म्हणाले, "दिवसातून चारदा मोजा. वेळ ठरवून, हात ऊबदार असताना, मिनिटभर स्वस्थ बसून. एरवी यंत्र कपाटात. पण आकडा ९४ च्या खाली टिकून राहिला किंवा धाप लागली, तर ठरलेल्या वेळेची वाट बघू नका, लगेच फोन करा." त्या रात्री मी झोपलो.

या तीन-चार वाक्यांत जे होतं, तेच या लेखात विस्ताराने सांगायचं आहे. डॉक्टरांनी मला "घाबरू नका" म्हटलं नाही. घाबरायला त्यांनी वेळ ठरवून दिली आणि कधी खरंच घाबरायचं त्याची रेघ आखून दिली. साथीत "मन घट्ट कर" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मन घट्ट करायचं म्हणजे उठून नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते कणखरपणा हा बराचसा मांडणीचा भाग आहे. घड्याळ, वही, दार, अंथरूण, फोन या वस्तू कुठे आणि कशा ठेवता, यावर तो ठरतो.

मोठ्या आपत्तीतून जाणारी बहुतेक माणसं कालांतराने सावरतात, असं जॉर्ज बोनानो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या अनेक वर्षांच्या अभ्यासात दिसलं आहे. पण कोविडच्या पहिल्याच वर्षात चिंता आणि नैराश्य यांचं प्रमाण जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असंही जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. म्हणजे सावरणं शक्य आहे, पण ते फुकट होत नाही.

पायरी १ : जे होतंय त्याला नेमकं नाव द्या

भीती आधी अंगात येते, मग डोक्यात. धोका जाणवला की ॲड्रेनलिन उसळतं, काळीज धडधडतं, तळहात घामेजतात, पोटात कालवाकालव होते, श्वास उथळ होतो. पळून जायची वेळ असती तर हे सगळं कामाला आलं असतं. साथीत पळायचं कुठे? त्यात पंचाईत अशी की भीतीची लक्षणं आजारासारखीच दिसतात. श्वास उथळ झाला की धाप लागल्यासारखं वाटतं, धाप म्हटली की आजार आठवतो, त्याने भीती वाढते आणि श्वास आणखी उथळ होतो. या फेऱ्यात माणूस रात्री दोन वाजता खिडकी उघडून उभा राहतो.

भीतीचा असा झटका साधारणपणे दहा-पंधरा मिनिटांत चढून उतरू लागतो. हे ठाऊक असलं तरी निम्मा धीर येतो. घड्याळ बघा, बसा, वाट बघा. उतरला नाही, चालल्यावर धाप वाढली, छाती दुखली, तर मात्र स्वतःच निदान करत बसू नका. डॉक्टरांना विचारा. "उगाच घाबरलो असेन" म्हणून अंगावर काढणंही तितकंच वाईट.

आता नावाचं. भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या भीतीशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी होते, असं २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं. आपल्या भाषेत तर अशा शब्दांची चंगळ आहे. आपण मात्र सगळ्यांना एकच नाव देतो : टेन्शन. टेन्शन म्हटलं की काही करता येत नाही, कारण कशाचं ते कळत नाही. त्याऐवजी असं बघा. पुढे काही वाईट येतंय असं वाटतं ती धास्ती. दूरचं माणूस कसं असेल म्हणून जीव तुटतो ती हुरहूर. हे करू की ते, अशी ओढाताण म्हणजे घालमेल. तोच दिवस, त्याच चार भिंती नकोशा होतात तो उबग. आपण बरे राहिलो आणि शेजारचा गेला, याने मन खातं ती टोचणी.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. प्रत्येकाचा उतारा वेगळा आहे. धास्तीला खात्रीची माहिती लागते, हुरहुरीला फोन लागतो, घालमेलीला एक निर्णय, उबगाला बदल, टोचणीला कोणाच्या तरी उपयोगी पडणं. हुरहुरीवर माणूस बातम्या बघतो आणि उबगावर झोप काढतो, म्हणून दोन्ही तशीच राहतात. दिवसातून एकदा तीन ओळी लिहा : अंगात काय होतंय, त्याचं नाव काय, आणि ते कशामुळे. "मला भीती वाटते" यापेक्षा "माझ्यामुळे आईला लागण होईल अशी धास्ती वाटते" हे वाक्य कितीतरी कामाचं. त्यात पुढे काय करायचं तेही दिसतं.

पायरी २ : बातम्यांचा रतीब बांधा

२०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात ज्यांनी रोज सहा किंवा अधिक तास त्याविषयीच्या बातम्या पाहिल्या, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. साथीत तर स्फोट एकदाच होऊन थांबत नाही, तो रोज होतो आणि त्याचा आकडा रोज संध्याकाळी येतो. अशा माहितीच्या पुराला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये 'इन्फोडेमिक' म्हटलं, म्हणजे माहितीचीच साथ.

बातम्या सोडायच्या नाहीत. नियम बदलतात, लस कधी मिळणार हे कळायला हवं. रतीब बांधायचा, दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं. सकाळी उठल्या उठल्या नाही आणि झोपण्याआधीच्या दोन तासांत तर नाहीच. स्रोत दोनच ठेवा : एक सरकारी आरोग्य खात्याचा, एक तुमच्या विश्वासाचा. बातमी वाचून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा, "यामुळे मी आज काही वेगळं करणार आहे का?" उत्तर नाही असेल तर तिथेच थांबा.

आकडे वाचताना छेद बघा. 'आज इतके मृत्यू' हा नुसता अंश झाला. किती लोकसंख्येत, किती चाचण्यांत, मागच्या आठवड्यापेक्षा कमी की जास्त, हे कळल्याशिवाय तो आकडा फक्त घाबरवतो. आणि कुटुंबाच्या ग्रुपवर पुढे ढकललेला काढ्याचा किंवा कटाचा मजकूर आला तर वाद घालू नका. पाठवणाराही घाबरलेलाच असतो. ग्रुप महिनाभर मूक करा आणि त्या काकांना वेगळा फोन करून तब्येत विचारा.

पायरी ३ : काळजीची वेळ नेमा

या लेखातली एकच गोष्ट करून बघायची असेल तर ही बघा.

डोक्यात आलेला विचार हाकलला की तो दारामागेच उभा राहतो. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल काही जाईना. उलट नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर ते जास्तच येऊ लागलं. "विचार करू नकोस" हा सल्ला का चालत नाही, ते यात आलं. मग करायचं काय? विचाराला नाही म्हणायचं नाही, "पाचला ये" म्हणायचं. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही रीत तपासली : रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा आणि दिवसभरातल्या काळज्या तिकडे ढकलायच्या. चिंता करणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला.

प्रत्यक्षात असं करा.

वेळ संध्याकाळची घ्या, पण झोपेपासून लांबची. पाच ते साडेपाच चांगली. जागा ठरवा. अंथरूण नको, नेहमीची आरामखुर्चीही नको. थोडी गैरसोयीचीच खुर्ची बरी, म्हणजे तिथे रेंगाळावंसं वाटत नाही. एक लहानशी वही खिशात किंवा ओट्यावर ठेवा. दिवसभरात काळजी आली की एक ओळ लिहायची आणि मनात म्हणायचं, "टिपलं. पाचला बघू." मग हातातल्या कामाकडे परत यायचं. पहिले तीन-चार दिवस तीच काळजी दहादा येईल. दहादा टिपा. त्यात हरल्यासारखं काही नाही.

पाच वाजता वही उघडा. बऱ्याच ओळी तोवर शिळ्या झालेल्या असतात, त्या खोडा. उरलेल्यांचे दोन भाग करा : आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं.

हातातल्या ओळीसमोर पुढची सगळ्यात छोटी कृती आणि वार लिहा. "बाबांना लागण झाली तर?" ही ओळ वरवर हाताबाहेरची वाटते, पण तिचे तुकडे करून बघा. डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवला आहे का? बाबांच्या रोजच्या गोळ्यांची नावं आणि मात्रा एका चिठ्ठीत आहेत का? जुने रिपोर्ट एका पिशवीत आहेत का? रात्री गाडी कोण चालवेल, त्याला विचारून ठेवलं आहे का? हे चार तुकडे चार दिवसांत होतात. पाचव्या दिवशी तीच ओळ पुन्हा आली तरी तिचा जोर ओसरलेला असतो. "नोकरी गेली तर?" या ओळीचंही तसंच. साठवलेल्या पैशांत किती महिने निघतील, पहिला कोणता खर्च थांबवायचा, कोणाला फोन करायचा. उत्तर वाईट आलं तरी आकडा हाती येतो, आणि अंधारातल्या सावलीपेक्षा वाईट आकडा परवडला.

हाताबाहेरच्या ओळीसाठी तीन वाक्यं : सर्वांत वाईट काय होईल, बहुतेक काय होईल, आणि वाईट झालंच तर पहिल्या तासात मी काय करीन. तिसरं वाक्य महत्त्वाचं. भीती आपल्याला नेहमी त्या प्रसंगाच्या दारापर्यंत नेऊन सोडते, पुढचा तास कधी दाखवत नाही.

साडेपाचचा गजर वाजला की वही मिटा आणि उठून काहीतरी हाताचं काम करा : भांडी, झाडांना पाणी, कपड्यांच्या घड्या. अर्धा तास जास्त वाटला, मन भरकटत खोल जायला लागलं, तर पंधरा मिनिटांवर आणा. पहिला आठवडा हा प्रकार बालिश वाटेल. मलाही वाटला होता.

पायरी ४ : श्वास, पाय, झोप

श्वासाचं थोडक्यात : चार आकडे मोजत नाकाने आत, सहा आकडे मोजत सावकाश बाहेर. बाहेर सोडणं लांबवायचं, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. मिनिटाला सहाएक श्वास पडतील. पाच मिनिटं पुरे. झटका आल्यावर शिकायला बसू नका. मन शांत असताना रोज करा म्हणजे वेळेला हाताशी असेल. श्वासाकडे लक्ष दिल्यावर काहींची घबराट वाढते, विशेषतः श्वसनाचा आजार होऊन गेलेल्यांची. त्यांनी पाय जमिनीवर घट्ट टेकवावेत आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यावीत. तेवढ्यानेही भागतं.

व्यायामाची शिफारस मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमांची आहे. बंद घरात ते दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत होतं. जिना असेल तर उत्तमच. आजारातून उठलेल्यांनी मात्र हा आकडा विसरावा आणि डॉक्टरांना विचारून चालावं.

झोपेचा मुद्दा सगळ्यांत हट्टी. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला नियम अजून उपचारात वापरतात : अंथरूण फक्त झोपेसाठी. त्यावर काम नाही, फोन नाही, हिशेब नाहीत. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठा, दुसऱ्या जागी मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ बघू नका. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच ठेवा, आणि उठल्यावर पहिल्या तासात उजेडात जा. दारूने झोप लवकर लागते आणि मध्यरात्रीनंतर मोडते. साथीच्या काळात अनेकांचा हा हिशेब चुकला.

पायरी ५ : दिवसाला खांब द्या

२०१०-११ मध्ये मॉस्कोत सहा जण मंगळाच्या प्रवासाची रंगीत तालीम म्हणून ५२० दिवस जमिनीवरच्याच एका बंद, यानासारख्या जागेत राहिले. निवडलेली, प्रशिक्षण घेतलेली, धडधाकट माणसं. त्यांच्या मनगटावरच्या यंत्रांत काय दिसलं? हालचाल घटत गेली, लोळणं वाढत गेलं, आणि सहापैकी चौघांच्या झोपेत, सतर्कतेत किंवा झोपण्या-उठण्याच्या वेळांत काही ना काही बिघाड झाला. तेव्हा टाळेबंदीत तुमचा दिवस दुपारी दोनला सुरू व्हायला लागला तर स्वतःला आळशी म्हणायचं कारण नाही. बाहेरून आधार देणारे खांब गेले की दिवस असाच बसतो.

तासातासाचं वेळापत्रक करू नका, ते तीन दिवसांत मोडतं आणि मग स्वतःचाच राग येतो. चार खांब पुरतात : उठण्याची वेळ, अंघोळ करून कपडे बदलण्याची वेळ, घराबाहेरच्या एका माणसाशी बोलण्याची वेळ, दिवे मालवण्याची वेळ. मधे काहीही होऊ दे. त्यात रोज एक काम असं घाला ज्याचा शेवट डोळ्यांना दिसतो, म्हणजे एक कप्पा आवरला, एक बटण शिवलं, एक पत्र लिहून झालं. मन प्रसन्न झालं की करू म्हणून थांबलात तर ते होणार नाही. उदास माणसात आधी हात हलतात, मग मन. हा क्रम उपचारपद्धतीतही असाच वापरतात.

लांबलेल्या बंदिवासात एक खिंड असते. ध्रुवीय तळांवर हिवाळा काढणाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांपैकी काहींनी नोंदवलंय की अर्धा काळ सरल्यानंतरचा टप्पा सर्वांत जड जातो : नवलाई संपलेली, शेवट अजून दूर. प्रत्येकाला हे होतंच असं नाही. पण पहिल्या लाटेत धीराने वागलेली माणसं पुढे क्षुल्लक कारणावरून ओरडताना मी पाहिली आहेत, स्वतःसकट.

पायरी ६ : विलगीकरण आलं तर

'क्वारंटाइन' हा शब्द व्हेनिसच्या बोलीतल्या 'चाळीस दिवस' या शब्दांवरून आला. त्याआधी १३७७ मध्ये रगुसा या बंदराच्या शहराने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या डुब्रॉव्हनिकने, साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं थांबवायला सुरुवात केली होती. दिवस ठरलेले असणं ही त्यातली एक सोय म्हणायची. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर टोरांटोत विलगीकरणात राहिलेल्या १२९ जणांची पाहणी झाली. त्यांतल्या सुमारे २९ टक्क्यांमध्ये आघातोत्तर ताणाची आणि ३१ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली. विलगीकरण जितकं लांबलं, तितका त्रास जास्त.

म्हणून पहिल्याच दिवशी शेवटचा दिवस विचारून घ्या आणि भिंतीवर लिहा. खोलीत शिरण्याआधी चार्जर, रोजची औषधं, थर्मामीटर, पाणी, वही आणि एक जाडजूड पुस्तक नेलंत की नाही ते बघा. दर तासाला दार ठोठावून वस्तू मागणाऱ्याला आपण ओझं झालोय असं वाटू लागतं. दिवसातून दोन फोन नक्की ठेवा. एक तब्येतीचा, आणि दुसऱ्यात तब्येतीचा विषयच काढायचा नाही. आपण इथे कोणासाठी थांबलोय, त्या माणसाचं नाव त्या भिंतीवरच्या तारखेखाली लिहा. शिक्षा म्हणून बसणं आणि कोणाला तरी जपण्यासाठी बसणं, यांत दिवस तेवढेच असतात, पण जाताना वेगळे जातात.

शेजारी तोंड फिरवतील. ते दुखतं, आणि आजार उतरल्यावरही दुखत राहतं. तुमच्या शेजारच्या दारावर विलगीकरणाचा कागद लागला, तर बाहेरूनच मोठ्याने नावाने हाक मारा आणि काय हवं ते विचारा.

पायरी ७ : घरातली माणसं

लहान मुलांना कळत नाही असं समजून मोठी माणसं दबक्या आवाजात बोलतात. मूल ते सगळं ऐकतं आणि उरलेलं स्वतः रचतं. एका घरातला संवाद सांगतो. सहा वर्षांची मुलगी, भात चिवडत :

"आई, आजी मरणार का?"

आईने आधी ताट बाजूला ठेवलं. "तुला कशामुळे असं वाटलं गं?"

"बाबा फोनवर रडत होते."

"हो, बाबांना काळजी वाटतेय. आजी आजारी आहे, दवाखान्यात आहे. डॉक्टर तिला औषध देतायत. ती बरी होईल अशी आशा आहे. जे कळेल ते मी तुला सांगेन. लपवणार नाही."

"माझ्यामुळे झाली का आजारी?"

"नाही. मुळीच नाही."

शेवटचा प्रश्न मुलं बहुतेक वेळा विचारत नाहीत, पण मनात असतो. म्हणून न विचारताही त्याचं उत्तर द्यावं. आणि "आजीला काही होणार नाही" असं वचन देऊ नये. मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, चिकटून राहू लागलं तर रागावू नका. ती त्याची भीती बोलतेय. झोपण्याची वेळ, गोष्ट, अंघोळ हे नेहमीसारखं चालू ठेवलं की ते हळूहळू सावरतं.

वडीलधाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना दिवसभर "बाहेर जाऊ नका, हात धुवा" ऐकून आपण अडगळ झालो असं वाटतं. आजोबांना दया नको असते, काम हवं असतं. जुने फोटो लावून त्यामागे नावं लिहून द्या म्हणा, नातवाला रोज फोनवर पाढे विचारा म्हणा.

नवरा-बायकोच्या भांडणांबद्दल एवढंच : कोण किती घाबरावं यावरून भांडू नका. एक जण पिशवीसुद्धा धुणारा आणि दुसरा मास्क गळ्यात लटकवणारा, अशा जोड्या असतातच. दोघांनी बसून घराचे पाच नियम कागदावर लिहावेत. त्या पाचांपलीकडे एकमेकांना टोकायचं नाही. घरात मारहाण किंवा धमकी होत असेल तर मात्र हा सल्ला लागू नाही. तिथे घराबाहेरच्या विश्वासू माणसाला आणि मदत यंत्रणेला कळवणं ही पहिली पायरी.

दुसऱ्याला आधार देण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्राथमिक मानसिक मदतीच्या पुस्तिकेत तीन क्रिया सांगितल्या आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. आधी त्याला तातडीने काय लागतंय ते पाहा. मग उपदेश न करता ऐका. मग योग्य माणसाशी, सेवेशी जोडून द्या. मधलीच क्रिया सगळ्यांत अवघड. समोरचा रडत असताना "होईल सगळं नीट" हे वाक्य जिभेवर येतं, ते गिळायचं.

पायरी ८ : शेवटचं दर्शन न झालेलं दुःख

साथीत माणूस जातो आणि त्याला निरोप देता येत नाही. काच, पिशवी, दुरून हात. अशा वेळी मन गेलेल्याला गेलेला मानत नाही. फोन वाजला की त्याचाच वाटतो. अपूर्ण राहिलेल्या अशा दुःखाला पॉलिन बॉस या अमेरिकी कुटुंबचिकित्सकांनी 'संदिग्ध हानी' म्हटलं. यात मनाला वेड लागलेलं नसतं, निरोप राहिलेला असतो.

तो नंतर घेता येतो. एक तारीख ठरवा. ज्यांना ज्यांना तो माणूस ठाऊक होता, त्यांना फोन करून प्रत्येकाकडून एकच आठवण मागा, आणि मोठे गुण नकोत, लहान गोष्टी हव्यात : तो चष्मा कुठे विसरायचा, कोणत्या शब्दावर अडखळायचा. त्या लिहून काढा. ठरलेल्या दिवशी, प्रत्यक्ष किंवा फोनवर, सगळ्यांनी मिळून वाचा. जे बोलायचं राहिलं ते त्याला पत्र म्हणून लिहा. हे पत्र कोणाला दाखवायची गरज नाही.

"एक दिवस आधी नेलं असतं तर" ही टोचणी जवळपास प्रत्येक घरात असते. तो निर्णय घेतला त्या दिवशी तुम्हाला काय ठाऊक होतं, फक्त तेवढंच एका कागदावर लिहा. नंतर कळलेलं त्यात येऊ देऊ नका. तो कागद वाचला की निर्णय वेगळा दिसतो. सहा महिने उलटून गेल्यावरही दुःख पहिल्या दिवसाइतकंच तीव्र असेल, रोजचं जगणं अडलं असेल, तर त्यासाठी उपचार आहेत आणि ते घ्यावेत.

पायरी ९ : घरचे उपाय कुठे थांबवायचे

सुरुवातीला सांगितलं तशी रेघ मनासाठीही आधीच आखून ठेवा. दोन आठवडे, बहुतेक दिवस आणि दिवसाचा बराच वेळ उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं. झोप-भूक पार बिघडणं. झटके वारंवार येणं. दारू किंवा गोळ्या वाढत जाणं. काम, अंघोळ, बोलणं बंद पडणं. यांतलं काही असेल तर डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. फोनवरूनही उपचार होतात.

मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजू नका. आजच कोणाला तरी सांगा, तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला किंवा आपत्कालीन सेवेला फोन करा. आणि जवळच्या माणसाबद्दल शंका आली तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, औषधं आणि विषारी वस्तू दूर करा, आणि मदत येईपर्यंत शेजारी बसा.

आणखी एक. आजारानंतर महिनोन्महिने थकवा, विसराळूपणा, धाप राहत असेल, तर घरचे "मनाचे खेळ" म्हणून मोकळे होतात. कोविडोत्तर विकाराची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्येच केली आहे. त्या थकव्याला जिद्दीने हरवायला जाऊ नका. जोर केल्याने तो पुष्कळदा दामदुपटीने परत येतो. तपासणी करून घ्या आणि काम तुकड्यांत वाटा.

पायरी १० : दार पुन्हा उघडताना

निर्बंध उठले की सगळे आनंदाने बाहेर पडतील असं वाटतं. पण गर्दी बघून छातीत धडधडणारे, लिफ्ट टाळून सहा मजले चढणारे, कोणी शिंकलं की गोठणारे पुष्कळ असतात. वर्ष-दोन वर्षं शिकलेली भीती आदेशाने जात नाही, ती शिकली तशीच पायरीपायरीने विसरायची असते.

कागदावर दहा प्रसंग लिहा, सगळ्यांत सोप्यापासून अवघडापर्यंत. समोरच्या बाकावर दहा मिनिटं बसणं. मित्राबरोबर मोकळ्या मैदानात फिरणं. दुपारच्या रिकाम्या बसने दोन थांबे. मग दुकान, मग एखाद्याच्या घरी जेवण, शेवटी लग्नाचा हॉल. डॉक्टरांनी सांगितलेली खबरदारी ठेवायची, पण त्यावर स्वतःची भर घालायची नाही. एक प्रसंग धडधड निम्मी होईपर्यंत करायचा, मधेच पळायचं नाही. दोन-तीनदा करूनही जड वाटला तर त्याचे आणखी दोन तुकडे करा. धडधड उतरली की दुसऱ्या दिवशी पुढचा. घरी आल्यावर हात एकदाच धुवा, आणि ऑक्सिमीटर कपाटातच राहू द्या.